गोग्रास

सर्वपित्रीला दुपारी दोनपर्यंत
चेंबूरच्या त्या देवळाबाहेर रांग होती.
भिंगरीने दीड-दोनशे घरांचे पितर जेवून टाकले:
तांदळाची खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी,
कुणाच्या तरी वडिलांना आवडायची म्हणून जिलेबी.
दहा रुपयांची गवताची पेंढी
त्या दिवशी एकही खपली नाही.
हंसामावशी म्हणाली, नाही कसं म्हणायचं डॉक्टर,
मेलेल्या माणसाचं ताट परत पाठवू?

हे ती मला रात्री सांगत होती. गाय बसली होती.
डावी कूस टम्म,
मूठ दाबली तर आत नुसतं पाणी डुचमळायचं.
स्टेथोस्कोप लावून पाच मिनिटं ऐकलं.
एरवी तिथे मिनिटाला एकदा तरी
लांबचा ट्रक चढावर यावा तशी घरघर असते.
काही नाही.
नळीने काढलेला थेंब ताकापेक्षा आंबट,
आणि भिंगाखाली, जिथे एरवी नुसती लगबग,
तिथे कुणीही हलत नव्हतं.

गाय गवत खात नाही.
हे मला परळला, तिसऱ्या वर्षाला कळलं,
एका जर्सीच्या कुशीला ठेवलेल्या खिडकीतून
कोपरापर्यंत हात आत गेला तेव्हा.
गाय गवत वाढते.
आत अब्जांची पंगत बसलेली असते,
ती काडी फोडते, आंबवते,
त्या आंबवण्यावर गाय चालते, दूध देते,
आणि मग पंगतीतलेच पुढच्या कप्प्यांत उतरतात
आणि गाय त्यांना पचवते.
पाहुण्यांना पोटभर वाढून पाहुण्यांनाच जेवायचं,
असा हा आदरातिथ्याचा प्रकार.
गोडधोड पडलं की मात्र दोन-चार हावरेच माजतात,
सगळं आंबट करून टाकतात,
बाकीचे मरतात, मग बहुधा तेही.

सोडा पाजला, पोट धुऊन काढलं.
पण रिकामी कोठी भरायला बी लागतं.
वासरू तर कोऱ्या पोटाचं जन्मतं;
आई चाटते, उष्टं करते, तेवढाच वारसा.
भिंगरीची आई कुठे असेल कुणास ठाऊक.

म्हणून पहाटे चारला देवनार.
युनूसचाचाने दोन मेंढ्यांच्या कोठ्या
माझ्यासाठी वेगळ्या ठेवल्या होत्या, वाफाळत्या.
जुन्या धोतरातून पिळल्या,
केटररकडून आणलेल्या चहाच्या थर्मासात भरल्या.
माल माणचा आहे, म्हणाला,
बाभळीच्या शेंगांवर वाढलेला. आणि हात धुवायला गेला.
रिक्षात मी थर्मास मांडीवर धरून बसले.
मेंढी गेली, हे आतल्यांना अजून कळायचं होतं.
रिक्षावाल्याने सिग्नलला नाकाला रुमाल लावला.

देवळाची काकड आरती नुकतीच आटोपलेली.
हंसामावशीला वास आला.
तिने थर्मासकडे पाहिलं, माझ्या चपलांकडे पाहिलं,
चपलांवर देवनार होतं.
मी वाक्य जुळवत होते.
तिने एवढंच विचारलं:
ती काय खात होती?
बाभळीच्या शेंगा, मी म्हटलं. माणकडची.
मग बरं आहे, ती म्हणाली. इथे कुठे मिळतात.
आणि भिंगरीचं तोंड तिनेच वर धरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी
कुशीत लांबवर कुठेतरी ट्रक सुरू झाला.
थांबला. परत सुरू झाला.
गायीने मान लांबवली
आणि हंसामावशीच्या तोंडावर
एक लांबलचक, गवताळ ढेकर दिली.
मावशी हलली नाही. डोळे मिटून उभी राहिली,
श्राद्धाला कावळा शिवल्यावर लोक राहतात तशी.

मग पेंढी सोडली, निम्मी वाढली, निम्मी राखून ठेवली.
पुढच्या सर्वपित्रीला त्या रांगेला काय सांगायचं,
ते आम्ही दोघींनी अजून ठरवलेलं नाही.