साडेसात इंच

उघडलेलं दार आणि त्यामागची भिंत
यांच्या मध्ये साडेसात इंच.
गुरुनाथ मेस्त्रींनी तीनदा मोजलं,
तिसऱ्यांदा फरशीवर गुडघे टेकून,
आणि पेन्सिल कानावर खोचत म्हणाले,
"होईल. पण चपलांना उभं राहावं लागेल."

सोसायटीची नोटीस लागली होती जिन्यात:
पॅसेजमध्ये चपला, बूट, कुंड्या दिसल्यास
उचलून नेण्यात येतील.
खाली शिक्का, आणि न लागणारी सही.
कन्नमवार नगरातल्या आमच्या मजल्यावर
त्या दिवशी सगळ्या दारांबाहेरची फरशी दिसली.
आमच्या उंबऱ्यापुढची एक लादी फुटकी आहे
हे मला लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर कळलं.

मग मोजदाद.
माणसं पाच, पायताणं सतरा जोड.
निशिकांतचे दहा नंबरचे बूट.
सासूबाईंच्या सपाता तीन: एक देवळाची, एक बाजाराची,
एक कुणी मागितली तर द्यायची.
पोराचे शाळेचे काळे, पीटीचे पांढरे,
आणि फुटबॉलचे, ज्यांच्या खिळ्यांत अजून मैदानाची माती आहे.
मैदानात आता गाड्या उभ्या असतात.
माझ्या दोन रोजच्या, आणि लग्नातली मोजडी,
जी चावते, तरी टाकवत नाही.

"पाच पाच इंचाचे कप्पे," मेस्त्री म्हणाले, "सगळे सारखे.
ओढले की पुढे कलतील,
ढकलले की मिटतील, गुमान."
आणि वरची फळी?
"वर गणपती बसवा. येताजाता दर्शन."
सासूबाईंनी कप बशीत आपटला.
देव काय चपलांच्या माळ्यावर राहायला येणार?
वर किल्ल्या आणि विजेचं बिल, असं ठरलं.

तेवढ्यात हेमांगीने आपला जोड आणून ठेवला.
कुणी मागितला नव्हता.
माझी नणंद. चष्म्याच्या दुकानात
लोकांच्या नाकावर काड्या नीट बसवते दिवसभर.
उजवा बूट साधा,
डाव्याला अडीच इंचाचा जादा तळ, चामड्यात शिवलेला.
इतकी वर्षं हा जोड बाहेर असायचा,
जिन्याच्या वळणाशी, सगळ्यांच्या पलीकडे.
आत जागा कुठेय, ती म्हणायची,
आणि आम्हाला पटायचं.
फार लवकर पटायचं.

मेस्त्रींनी डावा बूट उचलला,
लाकूड पारखावं तसा फिरवून पाहिला,
तळाच्या शिवणीवरून अंगठा नेला.
"हात चांगला आहे करणाऱ्याचा."
पोराकडून खोडरबर मागितलं.
सगळे कप्पे पुसून टाकले
आणि तळाशी एक आधी काढला, आठ इंच उंच.
बाकीचे त्याच्या वर, उरलेल्या उंचीत,
कुणाला साडेचार, कुणाला चार.
निशिकांतचे बूट आडवे.
मोजडीला जागा उरली नाही.
ती मी त्याच रात्री धुणंवालीच्या मुलीला दिली.
तिला ती चावत नाही म्हणे.

पंधरा दिवसांनी,
फेव्हिकॉलचा वास आणि भुसा घरभर असताना,
दार पहिल्यांदा पुरतं उघडलं,
कपाटाला टेकून थांबलं.
आम्ही ते चार-पाच वेळा उघडलं, मिटलं,
पाहुणे आल्यासारखं.

समोरच्या अल्मेडाबाईंची मात्र पंचाईत झाली.
पूर्वी चपला बघून त्या ठरवायच्या
साखर मागायला आत्ता यावं की मागाहून.
आता म्हणतात, तुमच्याकडे कोण आहे, कोण नाही,
काही पत्ता लागत नाही बाई.

रात्री नऊच्या सुमारास
जिन्यात एक पाऊल हलकं, एक जड.
मग लॅच. मग खालचा कप्पा करकरतो,
एवढा एकच करकरतो.
मेस्त्रींना फोन केला तर म्हणाले,
मेणबत्ती घासा बिजागरीवर, दोन मिनिटांचं काम.
मेणबत्ती आणून ठेवलीय, किल्ल्यांपाशी.
घासेन.
घाई नाही.