गुंज

वडिलांच्या डबीत सात गुंजा होत्या,
लाल, काळ्या टिकलीच्या.
एक फुटकी. ती ते मापात धरत नसत,
टाकूनही देत नसत.
मी बॅटरीचा काटा आणला म्हापशाहून,
दशांशानंतर दोन आकडे.
मांद्रेत तसा दुसरा नव्हता,
निदान दुकानात मांडलेला.

आमच्याकडे सोनं हंगामाने येतं-जातं.
नाताळाआधी पोरं येतात, विशी-बाविशीची,
पायलटगिरी करणारी, शॅकवर खुर्च्या मांडणारी.
साखळी हवी, जाड. भाव विचारत नाहीत.
नोटांना वाळू लागलेली असते.
मीही काही विचारत नाही.
पावसात त्याच साखळ्या त्यांच्या आया आणतात
रुमालाच्या गाठीत,
आणि भाव दोनदा विचारतात.
सगुणच्या धाकट्याची माझ्या काट्यावर तीनदा चढली.
तिसऱ्यांदा आली तेव्हा धाकटा नव्हता.
त्या वर्षी मी दुकानात एसी बसवला.

रात्री पावणेदोनला दार वाजलं.
"शेट, काटा घ्या. चष्मा पण. पंचाची सही लागेल."
साहेबाच्या मुलीचे पैंजण तेव्हा माझ्याकडे उधारीवर होते,
अजून आहेत.
माडांच्या आत भाड्याची खोली,
एक परदेशी, गुडघे पोटाशी घेतलेला,
बाजूला फ्लोरिनाचा इझिदोर.
खोली तिचीच.
त्याच्या बाप्तिस्म्याचा क्रूस मी घडवलेला,
दीड ग्रॅम, कडीसकट.
कुणीच बोलत नव्हतं, तोच म्हणाला,
"शेटमाम, पंखा बंद करा. काटा हलतोय."

मी आकडा वाचला: दहा पूर्णांक बेचाळीस.
साहेबाने लिहिलं: निव्वळ.
मेणबत्तीवर लाख वितळली, मोहोर बसली.
मी सही केली, वळणदार,
पावतीवर करतो तशी.

दहाच्या आत असतं तर जामीन झाला असता,
हे मला एका वकिलाने सांगितलं,
बायकोचा डूल सांधायला आला होता तो,
सहज बोलता बोलता.

मग फ्लोरिना बांगड्या घेऊन आली. चार.
जुन्या घडणीच्या, आत लाख भरलेल्या.
मी लाखेचं वजन वजा केलं.
चाळीस वर्षं करतो आहे:
खडा वजा, दोरा वजा, मेण वजा.
तिने काट्याकडे बघितलंसुद्धा नाही.
"तू तोललंस," म्हणाली, "म्हणजे बरोबरच असणार."

ती गेल्यावर शटर अर्धं ओढलं.
तसलीच एक पिशवी, चिमटीत बंद होणारी
(नथी घालून द्यायला ढीग पडलाय माझ्याकडे)
रिकामी ठेवली काट्यावर.
शून्य पूर्णांक एकसष्ट.
पंखा बंद केला. पुन्हा ठेवली.
एकसष्ट.

कोर्टाची तारीख पावसानंतरची आहे.
समन्स मी वडिलांच्या डबीत ठेवलंय,
आठ घड्या घालून, गुंजांच्या वर.
झाकण बसत नाही.
रोज सकाळी उदबत्ती लावताना
अंगठ्याने दाबून बघतो.