एकवीस सालचं भोक

रोझमाँटच्या त्या गोदामाएवढ्या हॉलवरून
दर दोन मिनिटांनी विमान जातं
आणि खाली कोणी मान वर करत नाही.
सगळे वाकलेले. डोळ्याला भिंग,
दिव्याच्या उबेत, दोन नखांत कडेनं धरलेली एकेक चकती.
चेहऱ्याला बोट लागलं
तर शेजारचा अनोळखी माणूससुद्धा कळवळतो.

दारात बिल्ला मिळाला: डिंगणकर, पिओरिया,
व्यापारी की हौशी? हौशी.
खिशात एकशेवीस डॉलर.
मृणालला सांगितलेले ऐंशी.

सोन्याच्या रांगांना बगल देत
मी थेट मागच्या भिंतीकडे जातो,
जिथे कॉफी करपते आणि स्वस्तातली नाणी मिळतात.
दहा सेंटांची, चांदीची,
पंखांची टोपी घातलेल्या बाईची;
शंभर वर्षं सगळे तिला
एका पुरुष देवाच्या नावानं हाक मारतात
आणि ती काही बोलत नाही.

तिथे टेबल तीनशे चौदा. लायल ओव्हरगार्ड,
आयोवाचा निवृत्त पोस्टमन.
मला नुसतं डिंग म्हणायचा,
फरशीवर नाणं पडल्यासारखं.
"डिंग! आला बघा चोर."

चोरी अशी:
तीन वर्षांपूर्वी एका आजीच्या ट्रेमध्ये
एकवीस सालचं, डेन्व्हरच्या टांकसाळीचं,
बाई गुळगुळीत, पण साल शाबूत.
लायल चष्मा पुसत होता.
चष्मा पुसायला असा किती वेळ लागतो?
तेवढ्यात माझे साठ डॉलर मोजून झाले होते.
"मला तेवढं एकच उरलं होतं," तो म्हणाला.
मलाही, मी म्हणालो.
माझी अजून अकरा भोकं रिकामी होती.

तेव्हापासून ते नाणं मी दर ऑगस्टला
शर्टाच्या खिशात घालून न्यायचो,
त्याला दाखवून चिडवायला.

यंदा टेबलामागे त्याची मुलगी होती,
दिव्याचं बटण शोधत.
"मार्चमध्ये गेले," एवढंच म्हणाली.
समोर त्याचा पुठ्ठा. विकतचा नव्हे,
स्वतः कापलेला, सतरा सालापासून सुरू;
सोळाचं नाणं पोस्टाच्या पगारात बसत नाही,
म्हणून त्यानं सोळाचं भोक पाडलंच नव्हतं.
त्यावर आज चिठ्ठी: दोनशे चाळीस.

"एक कमी आहे यात," तिनं आपणहून दाखवलं.
"ते असतं तर अजून शंभर आले असते म्हणे."
बोलता बोलता तिचं बोट भोकात टेकलं.

आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलं,
"काही कमी होईल?"
"हो," ती म्हणाली, "किती करू?"
त्या हॉलमध्ये असं कोणी विचारत नाही.

मी म्हणालो, जेवून येतो.
जेवलो नाही. मोहरी लावलेला प्रेट्झेल हातात धरून
शिवणकामाच्या प्रदर्शनाची पाटी
तीनदा वाचली. पुढच्या आठवड्यात आहे.

परत आलो तेव्हा ती पाकिटं मोजत होती.
खिशातलं काढलं. म्हटलं, हे त्यांचंच.
सगळं सांगितलं नाही. चष्म्याचं तर नाहीच.
भोक हातानं कापलेलं, जरा तंग;
नाणं कडेनं बसेना.
शेवटी अंगठा ठेवला, सरळ त्या बाईच्या गालावर,
आणि दाबलं.
शेजारच्या टेबलावरचा माणूस कळवळला.

तिनं चिठ्ठी फाडली, नवी लिहायला पेन घेतलं,
मग पेनाचं टोपण घालून टाकलं.
पुढे विकला की ठेवला, मला माहीत नाही.
मी वळलो होतो.

रात्री पिओरियात मृणालनं विचारलं,
काय आणलंस?
काही नाही, म्हणालो,
एकशेवीस डॉलर जसेच्या तसे.

ती भाजी ढवळायची थांबली.
"नेले किती होतेस?"