बुटांचा रंग

गुरुवारी रात्री बेकरीचं शटर अर्धं खाली ओढतात
आणि मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांना टेकून,
आम्ही बसतो. पाचजण.
बाहेर पुंता अरेनासचा वारा.
नगरपालिकेने रस्त्याच्या कडेला दोर बांधलेत,
धरून चालायला.
मी दोर धरूनच आले,
दुसरा हात कोटाच्या आत, कागदावर.

नियम एकच: ज्याचं लिखाण, त्याने गप्प राहायचं.
वाचायचं, मग तोंडाला कुलूप.
खुलासा नाही, "मला म्हणायचं होतं की" नाही.
फेरीबोटीच्या तिकीटखिडकीत अकरा वर्षं
मी लोकांना उत्तरं देत आलेय.
बोट कधी सुटेल, सुटेल का,
मेंढीचं तिकीट लागतं का.
गप्प बसायची सवयच नाही.

आधी आम्ही सहाजण होतो.
नोल्बेर्तोने त्याच्या मेलेल्या कुत्र्यावर वाचलं,
सगळे छान छान म्हणाले,
तो टोपी घालून घरी गेला
आणि पुन्हा फिरकला नाही.
एर्सिरा म्हणते, चूक आपली.
"छान" म्हणजे माणसाच्या तोंडावर
हळूच लावून घेतलेलं दार.

आज माझी पाळी.
बापावर लिहिलंय. सामुद्रधुनीपलीकडच्या बेटावर
मेंढ्या कातरायच्या हंगामाला गेला
तो गेलाच.
चाळीस ओळी. शेवटी समुद्र आहे, क्षितिज आहे,
आणि आमच्या दारात त्याचे बूट,
"अजून वाट बघणारे".

वाचताना आवाज दोनदा फाटला.
मग निवत चाललेल्या भट्टीचं लोखंड
तेवढं तडतडत राहिलं.

एर्सिराने पेन्सिल उचलली.
क्षितिज काढ, म्हणाली. समुद्रही.
या गावात समुद्र कुणाला दाखवतेस?
सात ओळी गेल्या. आठ. माझ्या पोटात गोळा.
ओर्तेन्सियाला मधला पत्रांचा भाग आवडला,
पण का, ते तिला सांगता येईना,
आणि ती खजील होऊन पाव तोडत बसली.

येर्को सहसा बोलत नाही.
तो गोदीत नांगर रंगवतो,
त्याच्या नखांत वर्षभर गंज असतो.
त्याने मान वर केली:
"बूट कुठल्या रंगाचे होते?"

एवढंच.

मला सांगता आलं नसतं,
नियम नसता तरी.
त्या दारातून रोज शाळेत गेले, परत आले.
बूट मी लिहिले होते,
पाहिले नव्हते.

घरी आले, कोट न काढताच आईला फोन लावला.
बाबाचे बूट, मी म्हटलं, दारातले.
कसले बूट?
तिच्या खिडकीतला वारा बराच वेळ ऐकू येत राहिला.
मग म्हणाली: बूट मी विकले होते,
त्याच हिवाळ्यात. तुझा चष्मा करायचा होता.
तो गेला शेजाऱ्याचे गमबूट घालून.
पिवळे. डाव्याला टाचेशी भोक होतं,
मी कागद कोंबून दिला.
कुठला कागद?
हाताला लागला तो. तुझ्या वहीचाच असेल.

आता अकरा ओळी आहेत.
समुद्र नाही. वाट कोणी बघत नाही.
एक पिवळा गमबूट आहे, आणि त्याच्या टाचेत
माझं बहुधा गणिताचं पान,
ओलं होत.

आज गुरुवार. बेकरीकडे वळायच्या आधी
दोर सोडून मी चढावर गेले,
नोल्बेर्तोचं दार ठोठावलं.
त्याने फटीतून पाहिलं, रागानेच.
मी म्हटलं, तुझ्या कवितेत
कुत्र्याचं नाव नव्हतं.

तो बराच वेळ तसाच.
मग ओठ हलले.
वाऱ्यात मला काही ऐकू आलं नाही.
पुन्हा सांग, मी म्हटलं,
आणि त्याने दार आणखी थोडं उघडलं.