रकाना क्रमांक सात

पणजीत, दुसऱ्या मजल्यावर, एसी अठरावर ठेवून
आम्ही दोघी कागदांना ताप येऊ देत नाही.
एर्मेलिंदा पान उलटते, मी पायाने पेडल दाबते.
वर दोन कॅमेरे, खाली काळी गादी,
मध्ये कुणाचं तरी घर, मोडी नव्हे,
कारकुनाच्या वळणदार पोर्तुगीजमध्ये.

कसरीने खाल्लेली भोकं स्कॅनमध्ये काळी येतात.
सॉफ्टवेअर विचारतं : डाग काढून टाकू?
रोज विचारतं, नम्रपणे. रोज मी 'नको' दाबते.
काही भोकं किड्याची नाहीतच.
शाई लोखंडाची होती, ती कागद खात गेली;
जिथे बोरू जोर देऊन टेकला
नेमकं तिथलंच अक्षर गळून पडलंय.

आज पान एकशे बारा.
ब्रिजिदा, विधवा, राहणार दिवाडी,
पूर्वी जिला म्हणत असत –
आणि पुढे भोक.
आरोप : भात मिठाशिवाय शिजवला.
साक्षीदार : शेजारी, चुलीपर्यंत जा-ये असलेला.
एवढंच. पुढची पानं
कुणी तरी फार पूर्वी, नीट मोजून, जाळली,
आणि राखेचं रिझोल्युशन किती ठेवायचं
हे आमच्या कंत्राटात नाही.

रकाना सात : आधीचं नाव.
रिकामा ठेवला की फॉर्म पुढे सरकत नाही,
लाल चौकट थरथरते : हे भरणे आवश्यक आहे.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी हा हट्ट धरतंय
आणि तेही यंत्र.
पुण्याच्या कंपनीतला मुलगा फोनवर म्हणाला,
'अज्ञात' टाका ना मॅडम, सगळे तेच टाकतात.
गोदू? माणकू? शेवंती?
अंदाजाने बारसं करायचा हक्क मला कुणी दिला.
एकदा झालंच होतं तिचं, तिला न विचारता.

दुपारी डबे उघडले.
एर्मेलिंदाच्या भातात मीठ असतं, शिजतानाच घातलेलं.
माझ्या भातात नसतं. वरून घ्यायचं, लागेल तसं.
चार वर्षं तिची सुंगटांची कढी
माझ्या शितांवर ओतली जातेय
आणि चव हाही पुरावा असतो
हे कधी सुचलं नव्हतं.
आज पहिला घास दोघींनी जरा सावकाश चावला.

जेवणानंतर साक्षीदाराचं नाव टंकायचं होतं.
आडनाव तिचंच.
रक्ताचा असेलच असं नाही, मी म्हणाले,
एकाच पाद्रीने एकाच सकाळी
अख्ख्या वाड्याला वाटलेलं आडनाव असेल.
आणि उद्या हे शोधता येणार, कुणालाही, बसल्या जागी,
तुझ्या नातवालासुद्धा.
बोट कीबोर्डवर तसंच.

तिने हातमोजा काढला, चष्मा पुसला,
पानावर वाकून त्याची सही पाहिली, बराच वेळ.
"बरय गो," म्हणाली,
"अक्षर बरें आसा ताचें."

मी लिहिलं.
रकाना सात तिने भरला.
मोजपट्टी लावली भोकाला : सतरा मिलिमीटर.
तेवढी सतरा टिंबं, एकामागून एक,
मण्यांवर बोट सरकावं तशी.
यंत्राने ते नाव समजून घेतलं.
हिरवी खूण आली.

संध्याकाळी ती रायबंदरच्या धक्क्यावरून
फेरीबोटीने दिवाडीला गेली.
मी तीन प्रती केल्या : एक इथे, एक मंत्रालयात,
एक घाटापलीकडच्या कुठल्याशा थंड खोलीत,
जिथे, म्हणे, आगीला आपोआप ओळखणारी घंटा आहे.

उद्या पान एकशे तेरा.
तिला सांगायचं राहिलं,
येताना आगरातलं थोडं मीठ आण.
कपाटातली बरणी संपलीय.