डावा अंगठा

ग्दान्स्कच्या दवाखान्यात, तळमजल्यावर
आठ चटया. खिडकीजवळची बोगुमिलची.
चाळीस वर्षं जहाजांचे सांधे जोडलेला माणूस,
रक्तदाब एकशे सत्तर.
डोळे मिटा म्हटलं की दाराकडे बघतो.

आता लक्ष डाव्या अंगठ्याकडे, बाई सांगतात.
त्याला हसू येतं. तो अंगठा
कधीच गेला, पोलादी पत्र्याखाली,
युस्टिना होती तेव्हा.

श्वास येऊ दे. जाऊ दे.
कुणाच्या तरी पोटात गुरगुरतं.
बाहेर ट्राम वळते
आणि मोज्याच्या रिकाम्या टोकात
ऊब धरते काहीतरी,
ती तेल चोळायची
तशी.

नंतर दंडाला पट्टा. नर्स आकडा लिहिते:
एकशे सहासष्ट. चारच उतरला.

बोगुमिल मोजा वर ओढतो,
हळूच,
आत कुणी झोपलं असावं तसा.