पत्त्यांची माळ

तीस तारखेनंतर ही सेवा बंद होईल,
असं त्यांनी तीन ओळींत कळवलं.
पाणी पाचव्या दिवशी येणार, हे सांगताना
महापालिकासुद्धा दिलगिरी लिहिते.
यांनी तेवढंही नाही.

अकरा वर्षं, साखर पेठेत,
टॉवेलांच्या गाठोड्यांमधल्या टेबलावर
सकाळी मी एकच खिडकी उघडायचो.
डावीकडं नावं, नावांपुढं आकडे.
रात्रीत कुणी काय लिहिलं
ते निमूट रांगेत उभं.
मध्येच कुणी खांद्यावर हात टाकून
"हेही बघा" म्हणायचं नाही.

लेक म्हणाली, अप्पा,
फोन दाखवतोच की ओ सगळं आपोआप.
दाखवतो.
पण तो मला बघून दाखवतो.
कुणाकडं बघायचं, हे इथं मी ठरवलं होतं.

मग दुसरा शोधत बसलो.
एकात जोडाक्षरं फुटायची,
अर्धा श एकटाच पुढच्या ओळीत.
एक देखणा, पण डॉलरात भाडं मागणारा.
एकानं वय विचारलं, आवडी विचारल्या,
सोयरीक जुळवायला आल्यासारखं.
एक तर मी बघत असतानाच बंद पडला.

वडलांनी जकार्डचा माग किलोच्या भावानं विकला तेव्हा
भंगारवाल्याला पत्त्यांची माळ दिली नव्हती.
भोकं पाडलेले पुठ्ठे, दोरीनं शिवलेले.
मोर यात आहे बे, म्हणाले, लोखंडात नाही.
माळ खांद्यावर घेऊन बोल्लींच्या कारखान्यात गेले,
त्यांच्या मागावर चढवली.
दोन दिवस नुसते धागे तुटले.
तिसऱ्या दिवशी मोर आला,
मान जरा आखूड.

माझेही पत्ते मी एका फायलीत उतरवून घेतले,
एकशे बेचाळीस,
आणि एका बऱ्यापैकी कुरूप जागी नेऊन चढवले.
अठ्ठावीस तुटले.
कुणी घर बदललेलं,
कुणाचं नावच विकलं गेलेलं,
तिथं आता केसांचं तेल मिळतं.

पण नव्याला काय माहीत, मी काय वाचलंय.
त्याच्या लेखी सगळंच ताजं.
म्हणून ठळक अक्षरांत, पुढं एकचा आकडा लावून
रेवणसिद्ध हत्तुरे वर आला.
न उघडता दिसतात तेवढ्या ओळी:
हिप्परगा तलाव. रविवार. चक्रवाक एकवीस.
त्यातला एक लंगडतोय. पुढच्या रविवारी बघू.

रेवणसिद्धला जाऊन चार वर्षं झाली.
जुन्या खिडकीत तो तळाशी होता,
करड्या अक्षरांत, आकड्याशिवाय.
मी कधी काढला नाही, कधी उघडलाही नाही.

वरच्या कोपऱ्यातून विचारतायत,
सगळं वाचलं अशी खूण करू का?
बाहेर त्रेचाळीस अंश,
गाठोडी मोजायची तशीच राहिलीत.
एकशे तेरांवर करा, म्हटलं.
हा एक असू दे ठळक.
लंगडणाऱ्याचं पुढं काय झालं
ते कळायचं आहे अजून.